हरणाऱ्याला उठू न देणारे खेळ

कवड्या घ्यायच्या तर सौंदत्तीच्या डोंगरावरच घ्याव्यात. यल्लम्माच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर भंडाऱ्याचे ढीग, हिरव्या बांगड्या आणि परड्या मांडलेल्या दुकानांत कवड्यांच्या माळा लोंबत असतात. त्या जोगतिणींच्या गळ्यासाठी. सुट्या मागितल्या की दुकानदार मान वर करून विचारतो, "खेळायला काय?" मग आतून एक डबा निघतो. माळेतली कवडी थोराड आणि भोक पाडलेली असते, ती पटावर चालत नाही. खेळाला बारीक, पाठीला फार न फुगलेल्या, चारही एका मापाच्या लागतात. मुठीत खुळखुळवून तिथंच फळीवर टाकून बघायच्या, आणि एखादी सारखी पालथीच पडत असली तर बदलून घ्यायची. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. मालदीवच्या समुद्रातून येऊन शेकडो वर्षं हिंदुस्थानच्या बाजारात पैसा म्हणून चाललेली ही वस्तू. पारखून घेणारं गिऱ्हाईक तिनं पुष्कळ बघितलं असणार.

कवड्या मिळाल्या नाहीत तरी अडत नाही. चिंचोके फोडून दगडावर घासले की एक बाजू पांढरी, एक काळी. माझ्या माहेरी, जांबोटीकडच्या गावात, चिंचोकेच असत. कवड्या आत्याच्या सासरहून आल्या आणि मग चिंचोक्यांची किंमत गेली.

तर त्या कवड्यांचा खेळ. आमच्यात त्याला नुसतं पट म्हणत, बेळगावच्या शहापुरात सासरी आले तर शेजारच्या कन्नड घरात तोच चौकाभारा. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची. चारी कडांच्या मधल्या घरात फुली, अगदी मधोमध फुली. कडेची फुली हे आपापलं घर, मधली फुली म्हणजे मुक्काम. चौघं चार बाजूंना. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि सोंगट्या म्हणजे हाताला लागेल ते: फुटक्या बांगडीचे तुकडे, मक्याचे दाणे, बटणं, खडे. बाहेरच्या घरांतून एक फेरा मारायचा, मग आत वळून उलट्या दिशेनं दुसरा, मग मध्ये. चार कवड्या टाकल्या की जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा दान. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली जाऊन पडली की ती मेली, परत आपल्या घरी. फुलीवर बसलेल्याला मात्र कुणी हात लावायचा नाही.

एवढंच. सहा वर्षांच्या मुलाला एका डावात येतं. पण यात एक नियम आहे ज्याच्यामुळं हा खेळ माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या बैठ्या खेळांत चलाख ठरतो: ज्यानं दुसऱ्याची एकही सोंगटी मारलेली नाही, त्याला आतल्या फेऱ्यात जाता येत नाही. म्हणजे गपगुमान, कुणाला न दुखवता, कडेकडेनं जाऊन जिंकायची सोयच ठेवलेली नाही. नव्या सुनेला सासूची सोंगटी मारावीच लागते. मी सासरी आल्यावर पहिल्या श्रावणात ही वेळ आली तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मार की. न्हाई मारलीस तर बसशील बाहेरच फिरत." मारली. पुढच्याच दानात त्यांनी माझ्या दोन मारल्या.

दुसरी गंमत दानात आहे. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असं धरलं, तर चार कवड्या पडायचे सोळा प्रकार होतात. त्यातल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चार पडायचा प्रकार एकच, आणि आठ पडायचाही एकच. म्हणजे दोन सगळ्यात जास्त, आणि चार-आठ क्वचित. माझ्या आज्जीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची सोंगटी दुसऱ्याच्या पुढं दोन घरांवर कधी उभी दिसायची नाही. चार घरांवर ती निवांत बसायची, पान लावायची. लुडोच्या फाशात सहाही आकड्यांना सारखाच वाव असतो. त्यामुळं पुढं एका घरावर उभं राहिलं काय आणि पाचावर राहिलं काय, भीती तेवढीच. कवड्यांनी पटावरच्या जागांना चढउतार आणला, कुठं धोका, कुठं उसंत. फाशानं तो सपाट केला.

लुडो आलं आपल्याकडूनच. पच्चीसी इंग्रजांनी इथं बघितली, तिकडं नेली, कवड्यांच्या जागी फासा आणला, नियम सोपे केले आणि १८९६ मध्ये लुडो या नावानं तिचं पेटंट निघालं. मग रंगीत पुठ्ठ्यावर छापून तेच आपल्याला परत विकलं. मूळची पच्चीसी सहा-सात कवड्यांची, फुलीच्या आकाराच्या कापडी पटावरची. तिची थोरली बहीण चौपट, लांबट फाशांची. चौपटीचे नियम अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलेत, आणि फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर काढलेला मोठा पट अजून बघायला मिळतो. माणसांनाच सोंगट्या करून अकबर तिथं खेळायचा असं गाइड सांगतात. आमच्या पाच बाय पाचाला असला कुणी बादशहा लाभला नाही. तो बायकांनी आणि पोरांनी चालवला, खडूनं आखून आणि केरसुणीनं पुसून. म्हणून त्याच्याबद्दल छापलेलं फार सापडत नाही.

आता मुद्द्यावर येते. जुन्या खेळांवर जे लिहिलं जातं त्यात उमाळाच फार असतो: ती सुट्टी, तो वाडा, ती आज्जी. मला ते पुरत नाही. बरेच जुने खेळ तेव्हाही कंटाळवाणे होते आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून खेळले जात. शिवाय वेळ होता कुणाला? आमच्याकडं जून-जुलैत रोपलावणी, बायका दिवसभर चिखलात. पट निघायचा तो लावणी उरकल्यावर, श्रावणात, पंचमीला लेकी माहेरी आल्या की. तेव्हा आज जे खेळ परत खेळावेसे वाटतात त्यांच्यात काहीतरी कस असणार. मला त्यांच्यात एक सामाईक गोष्ट दिसते: हरणाऱ्याला ते शेवटपर्यंत बसवून ठेवतात. नुसतं बसवून नव्हे, त्याच्याकडं डोळा ठेवावा लागेल अशा ठिकाणी.

पटावर ज्याच्या सगळ्या सोंगट्या मेल्या तो आपल्या फुलीवर चारही घेऊन बसतो. त्याचं मरायला काही उरलेलं नाही, आणि पुढं गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या दारावरून जायचंय. तोच डावातला सगळ्यात धोक्याचा माणूस. मी लहानपणी असं सगळं गमावून रडायला लागले की आज्जी म्हणायची, "कशाला रडूलालीस? पट पुसला काय अजून?"

या मापानं व्यापार बघा. चौघं बसतात, तासाभरात एक भिकारी होतो आणि उठून जातो. त्याच्यासाठी खेळ संपला. उरलेले तिघं जेवणवेळेपर्यंत ओढत राहतात, आणि शेवटी कोण जिंकलं हे कुणालाच नीट आठवत नाही, कारण बँकवालाच झोपलेला असतो. आमच्या संचात मुंबई होती, दिल्ली, कलकत्ता, मद्रास होतं, बेळगाव नव्हतं. भावानं एका स्वस्तातल्या गावावर कागद डकवून बेळगाव लिहिलं. मग त्या घराची मालकी दोघांनी सांगितली, आणि वडिलांनी निकाल दिला की वाद मिटेपर्यंत भाडं बँकेत जमा करायचं. त्या बेळगावात कधी एक घर उभं राहिलं नाही.

या खेळाची मूळ गोष्ट खेळापेक्षा रंगतदार आहे. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईनं १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्‌स गेम'चं पेटंट घेतलं. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं ते लोकांना खेळता खेळता कळावं, हा तिचा हेतू. तिनं नियमांचे दोन संच केले होते. एकात सगळ्यांचं भलं व्हायचं, दुसऱ्यात एकजण सगळ्यांना गिळायचा. लोकांना गिळायचाच आवडला. १९३५ मध्ये तो मोनोपॉली म्हणून एका दुसऱ्याच माणसाच्या नावावर बाजारात आला, आणि बाईंच्या पेटंटसाठी कंपनीनं त्यांना पाचशे डॉलर दिले. एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी: मोनोपॉलीच्या छापील नियमांत, आलेल्या गड्यानं गाव घेतलं नाही तर लगेच त्याचा लिलाव करायचा असतो, आणि घरंही बत्तीसच असतात, ती संपली की संपली. हे दोन नियम पाळले तर डाव बराच आटोपशीर होतो. कुणी पाळत नाही. आम्हीही नाही.

सापशिडीबद्दल मी थोडक्यातच बोलेन. तिच्यात ठरवायचं काही नसतं. फासा टाका आणि जा. तरी नव्व्याण्णवाच्या आसपासचा साप शेवटपर्यंत कुणाला निर्धास्त राहू देत नाही, म्हणून चार-पाच वर्षांच्या पोरांना ती अजून धरून ठेवते. जुन्या मोक्षपटावर घराघरांना सद्‌गुणांची आणि दुर्गुणांची नावं असायची. परंपरेनं त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं. त्या पटांवर शिड्या थोड्या आणि साप जास्त असत, आणि विलायतेला गेल्यावर हळूहळू दोन्हींची संख्या सारखी झाली. माझं मत जुन्या पटाच्या बाजूनं आहे. साप जास्तच हवेत.

गुराख्यांचा वाघ-बकरी मात्र कुणीतरी परत आणायला हवा. कन्नडात त्याला आडु-हुली म्हणतात. दगडावर कोळशानं रेघा, तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. दोघांची बळं वेगळी, चाली वेगळ्या, जिंकायची अटही वेगळी. हंपीला देवळांच्या फरश्यांवर असले पट कोरलेले दिसतात. दर्शनाला आलेले की पहारेकरी की दगड फोडणारे, कोण तिथं बसून खेळत असेल कोण जाणे. पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाघ व्हायचं असतं. मुरलेला माणूस बकऱ्या मागतो.

आता कॅरम. याच्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण यात माझा जुना हिशेब आहे. गल्लीच्या मंडळात कॅरम असायचा, मुलींना तिथं जागा नव्हती. कुणी नको म्हणायचं नाही, पण मुलगी आली की डाव थांबायचा आणि सगळे तिच्याकडं बघत बसायचे. गणपतीत मंडपात रात्रीच्या राखणीला पोरं बसत, मूर्तीच्या मागच्या बाजूला बोर्ड, वर पत्र्याची टोपी घातलेला बल्ब, इतका खाली की खेळणाऱ्याचं कपाळ भाजावं. आरतीच्या निमित्तानं आम्ही मुली तिथं रेंगाळत असू आणि डोळ्यांनी शिकत असू. कोन कसा धरायचा, मागची सोंगटी कडेला आपटून कशी आणायची. हाताला सवय झाली ती घरी, भावाच्या छोट्या बोर्डवर, तो शाळेत असताना.

घरच्या बोर्डवरचा खेळ आणि स्पर्धेचा खेळ यांत गल्ली आणि मैदानाइतकं अंतर असतं. स्पर्धेच्या बोर्डचा खेळायचा चौरस सुमारे ७४ सेंटीमीटरचा, खिशाचा व्यास साडेचार सेंटीमीटरच्याही किंचित आत, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत. घरच्या बोर्डचे खिसे ऐसपैस, त्यामुळं आपण फार चांगले खेळतो असा भ्रम होतो. आणि घरी बहुधा गुण मोजत खेळतात: काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. पोरांना हा हिशेब आवडतो, पण तो खेळ उथळ आहे, जो येईल त्यानं समोर दिसेल ते घालायचं. खरा कॅरम नऊ काळ्या विरुद्ध नऊ पांढऱ्यांचा. ज्याच्या नऊ आधी गेल्या तो डाव जिंकतो, पण त्याला गुण किती मिळणार? समोरच्याच्या जितक्या सोंगट्या बोर्डवर उरल्या तितके, आणि राणी कव्हरसकट घेतलेली असली तर तिचे वेगळे. खेळ पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा.

म्हणजे हरणाऱ्यालाही काम आहे. डाव गेलेला दिसत असताना जितक्या सोंगट्या घालता येतील तितक्या घालून समोरच्याचा नफा कमी करायचा. आणि मागं पडलेल्याची एक सोय आपोआप होते. त्याच्या सोंगट्या बोर्डभर विखुरलेल्या असतात, कुठंही नेम धरावा तर काहीतरी लागतं. पुढच्याची एकच उरलेली असते, ती नेमकी अडचणीत, या नाही तर त्या काळ्यांच्या मागं. एक सोंगटी उरलेला माणूस चार वेळा चुकताना आणि सात उरलेला हळूहळू त्याला गाठताना मी कितीदा बघितलंय. घाईत स्ट्रायकरच खिशात गेला की घातलेली एक परत काढून मध्ये ठेवायची, ते वेगळंच.

पावसाळ्यात बोर्डची तब्येत हे आमच्याकडं एक प्रकरण असतं. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. त्यातला महाबळेश्वर कॅरमला सोसत नाही. प्लायवूड ओल धरतं, मध्ये फुगतं, सोंगटी सरळ सोडली तरी वळते. बोरिक पावडरचे खडे होतात. आमच्यात बोर्ड स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला उभा ठेवायचा, आडवा कधीच नाही, आणि पावडर जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायची. तरीही श्रावण संपेपर्यंत एक कोपरा खेचतोच. तो कोपरा ज्याला माहीत तो राजा. पाहुण्याला आम्ही समोरच्या बाजूला बसवतो.

चेन्नईच्या मरिया इरुदयम यांना कॅरमसाठी १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला हे मी माझ्या मुलाला सांगितलं, तर त्याला ते खरंच वाटेना. घरोघरी असलेला खेळ हा खेळच नव्हे अशी आपली समजूत.

पत्त्यांची गोष्ट जरा नाजूक. आमच्या घरात पत्ते म्हणजे जुगार, म्हणून कॅट कपाटात वरच्या फळीवर, आणि तोही पाहुण्यांसाठी म्हणून. २०२५ च्या बंदीआधी मोबाईलवर रमीच्या जाहिराती बघायचे तेव्हा वडील फार चुकीचं म्हणत नव्हते असं वाटायचं. पण मेंढीकोटाला पैसा लागतच नाही. समोरासमोरचे दोघं भिडू, तेरा-तेरा पानं, आणि सगळा जीव चार दश्श्यांत. तीन दश्श्या मिळवल्या तर डाव आपला, चारही मिळवल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात सात, तो जिंकला. यामुळं कसलीच पानं न आलेल्या जोडीलाही शेवटपर्यंत आशा राहते. एखादी दश्शी धरून ठेवायची, भिडूचा एक्का कधी येतो बघायचं, आणि हुकूम कुणाकडं किती उरलाय ते मोजायचं. हुकूम आधी एक पान पालथं ठेवून ठरवायचा की ज्याला उतारीचा रंग नसेल त्यानं टाकलेल्या पानावर धरायचा, हे घराघरांचं वेगळं. लग्न जमवताना पत्रिकेबरोबर हेही विचारून घ्यावं.

कारवारकडचे आमचे पाहुणे मेंढीकोटाला पोरखेळ म्हणतात. त्यांचा तीनशे चार. त्यात गुलाम सगळ्यांचा बाप, तीस गुणांचा, त्याखाली नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, आणि बिचारा राजा तीन, राणी दोन. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. बोली लावायची, आणि लावली तेवढी करून दाखवायची. तरबेज माणसं यात बसली की राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बॅगेवर टाकलेला डाव मिरजेकडून निघून हुबळी जाईपर्यंत मोडत नाही, आणि मध्ये बेळगाव येऊन गेलं हे उतरणाऱ्याच्याच लक्षात राहत नाही.

आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि सावंतवाडी म्हणजे गंजिफा. गोल, लाखेच्या रंगांनी रंगवलेली पानं. ही कला जवळजवळ संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती परत उभी केली. लोक ती घेतात आणि चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. मला ते बघवत नाही. दशावतारी गंजिफा खेळायचा आहे आणि तो अवघडही नाही, नुसता लांब आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून एकशे वीस पानं, तीन गड्यांत चाळीस-चाळीस. हुकूम नाही. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाकडून, रात्री मांडला तर कृष्णाकडून. आणि निम्म्या रंगांत दहाचं पान वरचढ, निम्म्यांत एक्का वरचढ, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. सगळा खेळ स्मरणाचा: कोणती पानं गेली, आता माझं कोणतं पान सगळ्यात थोर झालं. मी, जाऊबाई आणि शेजारची कन्नड अव्वा असं त्रिकूट आमचं जमलंय. अव्वा लिहायला-वाचायला शिकलेली नाही. स्वतःची चाळीस पानं सांभाळत गेलेलं प्रत्येक पान तिला पाठ असतं. मैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी तर गंजिफ्याचे अठरा रंगांपर्यंतचे प्रकार रचले होते. हे अव्वाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, राजाला दुसरं काम काय होतं? मग थोडं थांबून: कुठं मिळतंय ते?

या माझ्या मापात गंजिफा बसतो का? पूर्ण नाही. मागं पडलेला फार मागं पडतो, हे खरं. पण डाव इतका सावकाश चालतो की हरणाऱ्याला हरतोय हे कळेपर्यंत चहा होतो. सगळ्यांनी खेळावा असं मी म्हणणार नाही.

राहिलं बुद्धिबळ. ते मामंजींचं. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, आणि सांगलीनं बुद्धिबळाला जितकी माणसं दिली तितकी तिच्या आकाराच्या दुसऱ्या गावानं दिली नसतील. मामंजींच्या तोंडी खाडिलकर बहिणींची नावं अजून असतात. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये बंगळूरला भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत जिंकल्या. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्यावरून गदारोळ झाला, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स ऑयवं यांनी बाईला अडवता येणार नाही असं सांगितलं. मंडपामागच्या कॅरमच्या वेळी मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

पण मामंजी स्वतः खेळतात ते देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, नाही. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी, तीही तोवर शह बसला नसेल तर. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच होणार. दरवेळी वजीर मागायची सोय नाही. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाचं पुस्तक इंग्रजीत निघालं, तेव्हाच देशी डाव युरोपी चालीला जुळवून घ्यायची गरज पडली होती. मामंजींना ती अजून पडलेली नाही. सुरुवात संथ होते हे खरं, पण पाठ करून आलेल्या ओपनिंग्ज पहिल्या तीन चालींतच निकामी होतात, आणि समोरच्याला स्वतःच्या डोक्यानं खेळावं लागतं.

आमच्या मुलानं मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना हरवलंय. परवाच्या रविवारी तो आबांसमोर, म्हणजे मामंजींसमोर बसला. उडीचा नियम त्याला आधी सांगितलेला होता, त्यानं तो मानलाही. मधल्या खेळात तो सरस पडला, वजीर मारला, एक हत्ती मारला, मग शिस्तीत एकेक मोहरं टिपत गेला. शेवटचं प्यादं उचललं आणि पाठ टेकून बसला. पटावर त्याचे हत्ती-घोडे आणि आबांचा एकटा राजा.

"बुर्ज," मामंजी म्हणाले आणि मोहरी गोळा करायला लागले.

"म्हणजे काय?"

"राजा एकटा उरला की बरोबरी. मात करायची तर माझं एक तरी प्यादं जिवंत ठेवायचं होतंस."

"आबा, हा नियम आत्ता केलासा काय?"

"नियम जुनाच. तू ऐकलास आत्ता. मांड दुसरा."

त्यानं मांडला. या वेळी आबांची दोन प्यादी मारायची सोडून त्यांना वळसा घालून जाताना त्याची जी तारांबळ उडाली ती बघायला अव्वासुद्धा भिंतीवरून डोकावली, आणि कन्नडात तिनं त्याला एक चाल सुचवली. ती बरोबर होती.